समागमातील वेदना : मुकाट्याने सोसण्याचे दुखणे नव्हे

स्त्रीरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात हा प्रसंग नवा नाही. तिशी-पस्तिशीची एखादी स्त्री येते. कंबर दुखते, अंगावरून पांढरे जाते, थकवा वाटतो, असे सांगते. डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहून देतात. केसपेपर हाती घेऊन ती उठते, दारापर्यंत जाते आणि तेथून मागे वळून, आवाज खाली आणून विचारते, ‘‘डॉक्टर, आणखी एक विचारायचे होते. त्या वेळी फार दुखते. हे सगळ्यांनाच होते का?’’ ज्या दुखण्यासाठी ती खरे तर आलेली असते, ते असे सर्वांत शेवटी, दाराशी उभे राहून सांगितले जाते. पुष्कळ जणी तर तेवढेही न विचारता घरी परततात.

‘त्या वेळी’ या दोन शब्दांत गुंडाळून ठेवलेल्या या दुखण्याला वैद्यकशास्त्रात ‘डिस्पेरुनिया’ म्हणतात. समागमाच्या आरंभी, समागम चालू असताना किंवा त्यानंतर योनीत, योनिमुखाशी अथवा ओटीपोटात वारंवार होणारी वेदना, असा त्याचा अर्थ. हा स्वतः एखादा रोग नाही. ताप किंवा पोटदुखी यांसारखे ते लक्षण आहे. लक्षणामागे कारण असते, ते बहुधा शोधता येते आणि बहुतेक कारणांवर आज उपचार आहेत. असे असूनही हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते. ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ अशी समजूत त्याला कारणीभूत आहे. आजीने ती आईला दिली, आईने मुलीला; आणि कोणीच कोणाला ‘एकदा डॉक्टरांना विचार’ असे सांगितले नाही.

दुखणे जुने, नोंद मात्र तोकडी

आजच्या धकाधकीच्या जीवनाने हे दुखणे निर्माण केले, असे मुळीच नाही. आयुर्वेदाने वर्णिलेल्या वीस योनिव्यापदांमध्ये ‘परिप्लुता’ ही एक व्याधी असून समागमाच्या वेळी होणारी तीव्र वेदना हे तिचे लक्षण सांगितले आहे. प्राचीन वैद्यांनी जे नोंदवून ठेवले, ते आजच्या घरात मात्र उच्चारले जात नाही.

हे दुखणे किती स्त्रियांना असते, याचा अंदाज यावा म्हणून ब्रिटनमधील एक मोठी पाहणी पाहता येईल. २०१० ते २०१२ या काळात झालेल्या त्या राष्ट्रीय पाहणीत १६ ते ७४ वयोगटातील, लैंगिक संबंध असलेल्या ६,६६९ स्त्रियांची माहिती अभ्यासण्यात आली. त्यांपैकी साडेसात टक्के स्त्रियांनी मागील वर्षभरात तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ समागमात वेदना झाल्याचे सांगितले. विशीच्या आसपासच्या तरुणी आणि पन्नाशीची अखेर ते साठीची सुरुवात या वयातील स्त्रिया, अशा दोन गटांत हे प्रमाण अधिक होते. जेथे अशा विषयांवर मोकळेपणाने बोलले जाते, तेथील हे चित्र आहे.

आपल्याकडे स्त्रियांची दुखणी किती झाकलेली असतात, हे डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील अभ्यासाने साऱ्या जगाला दाखवून दिले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ साली तो प्रसिद्ध झाला. दोन गावांतील ६५० स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी केली असता ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक आजार असल्याचे आढळले. त्यापूर्वी कधीतरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

गोव्यातील एक अभ्यास याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. या शतकाच्या आरंभी उत्तर गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या २,४९४ स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. साडेचौदा टक्के स्त्रियांनी अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार केली होती. परंतु या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा चिंता, नैराश्य आणि शरीरातून प्रकट होणाऱ्या मानसिक ताणाशी अधिक घट्ट असल्याचे दिसून आले. स्त्री जी तक्रार उच्चारते ती पुष्कळदा वरची असते आणि तिच्याखाली न उच्चारलेले काही दडलेले असते, असा याचा अर्थ लावता येतो. समागमातील वेदना अशा न उच्चारलेल्या तक्रारींपैकीच एक आहे. म्हणूनच ‘आणखी काही त्रास आहे का, संबंधांच्या वेळी दुखते का’ असा प्रश्न डॉक्टरांनी स्वतःहून विचारणे महत्त्वाचे ठरते.

वेदना नेमकी कोठे होते?

कारणाचा शोध घेताना डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो जागेचा. योनिमुखाशी होणारी वरवरची वेदना आणि आत, ओटीपोटात होणारी खोल वेदना, असे तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत. दोहोंची कारणे बहुतांशी वेगळी असतात.

वरवरच्या वेदनेचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे कोरडेपणा. शरीर आणि मन समागमास तयार होते तेव्हा योनीकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो, आतील अस्तर ओलसर होते, योनिमार्ग लांबतो आणि रुंदावतो. या तयारीला वेळ लागतो. मनात धास्ती असेल, अंगात थकवा असेल, शेजारच्या खोलीत माणसे जागी असतील किंवा घाईच केली जात असेल, तर ही तयारी अपुरी राहते आणि घर्षणाने आग होते, कधी बारीक चिराही पडतात. बुरशीचा किंवा अन्य जंतूंचा संसर्ग, मूत्रमार्गाचा दाह, सुवासिक साबण व जंतुनाशक द्रावणे यांनी झालेली त्वचेची ॲलर्जी, ‘लायकेन स्क्लेरोसस’सारखे त्वचाविकार, बाळंतपणातील टाक्यांचा व्रण ही इतर कारणे होत. सर्दी आणि ॲलर्जीवरील काही गोळ्यांनीही कोरडेपणा येतो. नैराश्यावरील काही औषधांनी कामेच्छा मंदावते. मात्र अशी औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

काही स्त्रियांच्या बाबतीत तपासणीत संसर्ग दिसत नाही, जखम दिसत नाही, तरीही योनिमुखाला कापसाच्या बोळ्याचा हलका स्पर्श झाला तरी असह्य आग होते. तेथील मज्जातंतू अतिसंवेदनशील झालेले असतात. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या अशा वेदनेला ‘व्हल्व्होडायनिया’ म्हणतात. ‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकून निराश झालेल्या स्त्रियांमध्ये या विकाराच्या रुग्ण बऱ्याच असतात. तपासणीत काही दिसले नाही म्हणून वेदना खोटी ठरत नाही.

खोल वेदनेमागे बहुधा ओटीपोटातील अवयवांचा विकार असतो. त्यात ‘एंडोमेट्रिओसिस’ हे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखा पेशीसमूह या विकारात गर्भाशयाबाहेर, बीजकोषांवर, गर्भाशयामागे किंवा आतड्यांवर वाढतो. त्यामुळे दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात आणि पाळीच्या दिवसांत, शौचाच्या वेळी व समागमात तीव्र कळा येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात जवळजवळ १९ कोटी स्त्रिया व मुलींना हा विकार आहे. पाळीत दुखणारच, या समजुतीमुळे त्याच्या निदानाला कित्येकदा वर्षे लागतात. गर्भाशयातील गाठी, बीजकोषावरील गाठी, गर्भाशय व गर्भनलिकांचा जुनाट संसर्ग, जननेंद्रियांचा क्षयरोग, जुन्या शस्त्रक्रियेनंतर आत तयार झालेले चिकटे, बद्धकोष्ठता व आतड्यांचे विकार यांमुळेही खोल वेदना होऊ शकते.

आयुष्याचे तीन टप्पे

हे दुखणे कोणत्याही वयात उद्भवू शकते. तथापि स्त्रीच्या आयुष्यातील तीन टप्पे त्या दृष्टीने विशेष नाजूक असतात.

पहिला टप्पा विवाहानंतरच्या आरंभीच्या दिवसांचा. ‘पहिल्या वेळी दुखणारच, रक्त जाणारच’ हे मुलीच्या मनावर इतके बिंबवलेले असते की ती वेदनेची वाट पाहतच त्या रात्रीला सामोरी जाते. वस्तुतः योनिपटलाची ठेवण प्रत्येक स्त्रीमध्ये वेगळी असते. ते लवचीक असते आणि अनेक स्त्रियांना पहिल्या समागमात रक्तस्राव होतच नाही. रक्तावरून कौमार्याचा निष्कर्ष काढण्यास शास्त्राचा कसलाही आधार नाही. आरंभी थोडी अस्वस्थता वाटू शकते. पण आठवड्यांमागून आठवडे तीव्र वेदना होणे हे स्वाभाविक नव्हे.

दुसरा टप्पा बाळंतपणानंतरचा. सव्वा महिना उलटला की सारे पूर्ववत झाले असे घरात गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात टाक्यांचा व्रण हळवा असतो, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दमलेले असतात, आणि स्तनपानाच्या काळात इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी खाली असल्याने योनी कोरडी राहते. ऑस्ट्रेलियात पहिलटकरणींच्या एका अभ्यासात सुमारे ८६ टक्के स्त्रियांनी प्रसूतीनंतरचा पहिला समागम वेदनादायक झाल्याचे सांगितले. दीड वर्षानंतरही जवळजवळ एक चतुर्थांश स्त्रियांची वेदना कायम होती. सिझेरियन झालेल्या स्त्रियाही यातून सुटत नाहीत. प्रसूतीच्या वेळी योनिमुखाला सरसकट छेद देण्याची पद्धत योग्य नाही, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली केली आहे, हेही या संदर्भात ध्यानात घ्यावे.

तिसरा टप्पा रजोनिवृत्तीचा. भारतीय स्त्रियांमध्ये पाळी साधारणतः ४६-४७ व्या वर्षी थांबते. इस्ट्रोजेन घटल्यामुळे योनीचे अस्तर पातळ व कोरडे होते, त्याची लवचीकता कमी होते. योनीतील नैसर्गिक आम्लता उतरल्यामुळे संसर्ग वारंवार होतात, लघवीला जळजळ होते. रजोनिवृत्तीनंतर सुमारे निम्म्या स्त्रियांना यांतील काही ना काही त्रास जाणवतो. अंगातून वाफा येणे कालांतराने थांबते. परंतु हा कोरडेपणा उपचारांविना आपोआप कमी होत नाही, उलट वाढतो. शस्त्रक्रियेत गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोष काढलेल्या तरुण स्त्रियांना हाच त्रास अकाली आणि अचानक सुरू होतो. स्तनाच्या कर्करोगावरील संप्रेरकविरोधी औषधे आणि ओटीपोटावरील किरणोपचार यांनंतरही तो संभवतो.

या सर्व वयांत एक आजार गोमंतकीय स्त्रियांनी विशेष लक्षात ठेवायला हवा आणि तो म्हणजे मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. रक्तातील साखर अनियंत्रित असली की योनीला बुरशीचा संसर्ग पुन्हापुन्हा होतो, खाज सुटते, कोरडेपणा येतो, मज्जातंतूंवर परिणाम होतो. वरचेवर मलम लावूनही खाज आणि आग थांबत नसेल, तर साखर तपासून घेणे अगत्याचे आहे.

वेदना, भीती आणि आखडणारे स्नायू

मूळ कारण कोणतेही असो, वेदना दीर्घकाळ राहिली की तिच्याभोवती एक चक्र तयार होते. एकदा दुखले की दुसऱ्या वेळी मनात धास्ती असते. धास्तीने योनीभोवतीचे स्नायू आखडतात, ओलसरपणा येत नाही. त्यामुळे पहिल्यापेक्षा अधिक दुखते आणि धास्ती आणखी पक्की होते. पुढे मूळचा संसर्ग बरा झाला, टाके भरून आले, तरी हे चक्र आपल्याच गतीने फिरत राहते. मेंदू आणि मज्जासंस्था वेदनेची जणू सवय लावून घेतात.

डोळ्यांसमोर एकदम काही आले तर पापणी आपण न मिटवता मिटते. काही स्त्रियांमध्ये योनिमुखाभोवतीचे स्नायू असेच, त्यांच्या इच्छेविना, घट्ट आवळले जातात आणि समागम अशक्य होतो. या विकारास ‘व्हजायनिस्मस’ म्हणतात. पतीवर प्रेम आहे, मूल हवे आहे, तरीही शरीर साथ देत नाही, अशी त्या स्त्रीची अवस्था असते. घरची माणसे तिला हट्टी ठरवतात, कोणी ‘थंड’ म्हणतात, कोणी बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेतात. ज्यावर तिचे नियंत्रणच नाही अशा स्नायूंच्या क्रियेसाठी तिला दोष दिला जातो.

अमेरिकी शल्यविशारद जे. मॅरियन सिम्स यांनी १८६०च्या दशकाच्या आरंभी या विकाराला हे नाव दिले आणि त्यावर छेद घेऊन शस्त्रक्रिया करण्याचा उपाय पुढे आणला. आज उपचारांची दिशा पालटली आहे. शरीराची माहिती, श्वसनाचे व स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम, क्रमाक्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या ‘डायलेटर’ या गुळगुळीत नळ्यांचा स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गतीने केलेला सराव आणि समुपदेशन ही आजच्या उपचाराची अंगे आहेत. हे सारे धीराने केले तर बहुसंख्य स्त्रियांना लाभ होतो. वेदना, भीती आणि स्नायूंचे आखडणे हे एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हे ओळखून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालच्या वर्गीकरणात समागमातील वेदना व व्हजायनिस्मस यांना एकाच शीर्षकाखाली आणले.

परिणाम शयनगृहापुरते राहत नाहीत

हे दुखणे केवळ रात्रीच्या काही मिनिटांचे आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. दिवस मावळू लागला की काही स्त्रियांच्या मनात धाकधूक सुरू होते. स्वयंपाकघरातील आवराआवर लांबवली जाते, मुलाला मध्ये झोपवले जाते, डोके दुखत असल्याचे सांगितले जाते. पतीने प्रेमाने खांद्यावर हात ठेवला तरी त्याचा पुढचा अर्थ मनात येऊन ती अंग चोरून घेते. हळूहळू साधा स्पर्श, जवळ बसून केलेल्या गप्पा हेही नाहीसे होते. कामेच्छा ओसरते, कारण ज्यातून वेदनाच मिळते त्याची ओढ मनाला राहत नाही.

याची परिणती झोप बिघडणे, चिडचिड, चिंता आणि नैराश्य यांत होऊ शकते. ‘माझ्यातच काही कमी आहे’ ही भावना स्त्रीचा आत्मविश्वास पोखरते. पतीला वाटते की आपण नकोसे झालो आहोत. दोघांतील अबोल्याला दोघे वेगवेगळी कारणे देत राहतात. समागम होत नसल्याने मूल नसते आणि त्याचा बोल पुन्हा स्त्रीलाच लागतो. कित्येक जोडपी वंध्यत्वाच्या उपचारांसाठी येतात आणि विवाहानंतर समागमच होऊ शकलेला नाही, हे तेथे प्रथमच उघड होते.

आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. योनीची तपासणीही वेदनादायक असेल या भयाने अशा स्त्रिया स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाणेच टाळतात. मग गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणीही राहून जाते. वेळेत पकडता येण्याजोगा आजार त्यामुळे हाताबाहेर जाऊ शकतो.

पतीचा वाटा

या दुखण्यात पतीचे वागणे उपचाराइतकेच परिणामकारक असते. दुखत असल्याचे पत्नीने सांगितल्यावर थांबणे ही पहिली गोष्ट. वेदना सोसून समागम चालू ठेवल्याने सवय होईल आणि दुखणे जाईल, हा समज पूर्णतः चुकीचा आहे. तसे केल्याने वर सांगितलेले चक्र अधिकच बळावते. उपचार चालू असताना काही काळ समागम बंद ठेवून इतर मार्गांनी जवळीक जपावी, असाच सल्ला बहुधा दिला जातो. डॉक्टरांच्या एका भेटीस पती सोबत गेला तर पत्नीच्या मनावरचा भार निम्मा होतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत, इच्छा नसेल तर पतीला समागमास नकार देऊ शकतो, असे देशातील ८२ टक्के विवाहित स्त्रियांनी सांगितले. गोव्यात हे प्रमाण ९२ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होते. ही समाधानाची बाब खरी. मात्र नकार देता येणे वेगळे आणि नकारामागचे दुखणे बोलून दाखवणे वेगळे. आणि जेथे नकार मानलाच जात नाही, तेथे प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणाऱ्या २००५ सालच्या कायद्याने लैंगिक छळाचा समावेश हिंसाचारात केला आहे. अशा स्त्रियांना १८१ या महिला मदतवाहिनीशी संपर्क साधता येतो.

डॉक्टरांकडे काय सांगावे?

तक्रार सांगण्यासाठी अवघड शब्दांची गरज नाही. ‘संबंधांच्या वेळी मला दुखते’ एवढे पहिले वाक्य पुरेसे आहे, आणि ते दाराशी जाऊन नव्हे, खुर्चीवर बसताच सांगावे. दुखणे केव्हापासून आहे, दर वेळी होते की कधीकधी, सुरुवातीला होते की आत खोलवर, नंतर किती वेळ राहते, पाळीशी त्याचा संबंध आहे का, स्राव, खाज किंवा लघवीची जळजळ आहे का, कोणती औषधे चालू आहेत, या गोष्टी आधी कागदावर लिहून नेल्यास बोलणे सोपे जाते. स्त्री डॉक्टर हवी असल्यास तसे सांगावे. तपासणीच्या वेळी सोबत कोणी असावे, असेही सांगता येते. दुखल्यास तपासणी तेथेच थांबवण्यास सांगण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे. पहिल्याच भेटीत आतून तपासणी झालीच पाहिजे असेही नाही.

गोव्यात बांबोळीचे गोमेकॉ तसेच म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालये या सरकारी ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला मिळू शकतो. मानसिक ताणासाठी ‘टेली मानस’ ही राष्ट्रीय सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

काही लक्षणे दिसताच विलंब करू नये. समागमानंतर रक्त जाणे, रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव होणे, तापासह ओटीपोटात दुखणे, दुर्गंधीयुक्त स्राव, गर्भवती असण्याची शक्यता असताना अचानक उठलेली तीव्र कळ, योनिमुखाशी न भरणारी जखम वा गाठ ही ती लक्षणे होत.

उपचार कोणते?

उपचार कारणावर अवलंबून असतात. संसर्ग असल्यास योग्य औषध, आणि आवश्यक असेल तेथे पतीलाही त्याच वेळी औषध दिले जाते. अन्यथा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. कोरडेपणासाठी औषधांच्या दुकानात मिळणारे पाण्यावर आधारित वंगण, अर्थात ‘ल्युब्रिकंट’ वापरता येते. घरोघरी असलेले खोबरेल तेल काही जणी वापरतात. पण तेलाने लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटू शकतो, हे ठाऊक असायला हवे. रजोनिवृत्तीनंतरच्या त्रासात योनीत लावण्याचे अल्प मात्रेतील इस्ट्रोजेनचे मलम गुणकारी ठरते. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांनी मात्र ते आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच वापरावे.

एंडोमेट्रिओसिससाठी संप्रेरकांच्या गोळ्या आणि गरजेनुसार दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली जाते. आखडलेल्या स्नायूंसाठी या विषयाचे प्रशिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतात. व्हल्व्होडायनियात बधिरता आणणारी मलमे आणि मज्जातंतूंची संवेदनशीलता कमी करणारी औषधे उपयोगी पडतात. यांच्या जोडीला समुपदेशन लागते. समुपदेशनाची शिफारस झाली म्हणजे दुखणे ‘मनाचे खेळ’ ठरले, असे नव्हे. वेदनेच्या चक्रातील भीतीवर तो थेट उपचार असतो.

घरच्या घरी पाळण्याच्या गोष्टी साध्या आहेत. योनी आतून धुण्याची गरज नसते. बाहेरील भाग स्वच्छ पाण्याने धुतला तरी पुरे. सुवासिक साबण, जंतुनाशक द्रावणे आणि जाहिरातींतील ‘इंटिमेट वॉश’ टाळावेत. सुती अंतर्वस्त्रे वापरावीत. दुकानदाराला विचारून आणलेली मलमे महिनोन् महिने लावत बसू नये. त्यांतील काहींत स्टेरॉइड असते आणि त्याच्या अनिर्बंध वापराने त्वचा पातळ होऊन त्रास वाढतो.

मराठीत या विषयावर बोलण्यासाठी शब्द नाहीत, असे कोणी म्हणू नये. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि खटले, दंड व निंदा पत्करून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. स्त्रीच्या शरीरसुखाबद्दल आणि आरोग्याबद्दल स्वच्छ, शास्त्रीय मराठीत त्यांनी लिहिले, त्याला आता जवळजवळ शंभर वर्षे होत आली. तेव्हा छापता आले ते आज आईला मुलीशी, पत्नीला पतीशी आणि रुग्णाला डॉक्टरांशी बोलता यायला हरकत नसावी. ‘हे सगळ्यांनाच होते का?’ या दाराशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे : पुष्कळ जणींना होते, पण ते कोणालाच होत राहायला नको, आणि त्यावर उपाय आहेत.